वाचकांचे प्रश्न: ग्लोव्हज, फुगे, केळी आणि रबराची अ‍ॅलर्जी

मागच्या अंकात हाताच्या एक्झिमाबद्दल लिहिताना मी जाता जाता म्हटलं होतं की रबरी ग्लोव्हजनेही काही जणांना त्रास होतो. त्या एका ओळीवर भुसावळपासून तळोद्यापर्यंत इतक्या जणांनी लिहिलं की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. पत्रं लांब होती ती थोडी कमी केलीत, नावं काढून टाकलीत. मी भूलतज्ज्ञ आहे त्यामुळे ऑपरेशन थिएटरची बाजू जरा जास्त येईल.

प्रश्न: मॅडम, मी भुसावळला एका खाजगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. ग्लोव्हज काढले की हातले लई खाज येस, बोटांच्या बेचक्यात चिरा पडतात, हिवाळ्यात तर रक्त निघतं. एका डॉक्टरांनी फंगल आहे म्हणून ट्यूब दिली, ती लावली की चार दिवस बरं वाटतं आणि परत तेच. आता नवीनच सुरू झालंय, ड्रेसिंगच्या वेळी कोणी पावडरवाले ग्लोव्हज झटकून घातले की मला शिंका सुरू होतात, डोळ्यातून पाणी येतं. सगळे म्हणतात तुला धुळीची अ‍ॅलर्जी आहे. नोकरी सोडावी लागेल का?

सिस्टर, नोकरी सोडायचा विचार आत्ता करू नका. पण तुमच्या पत्रात दोन वेगळे त्रास आहेत आणि ते वेगळे ओळखले नाहीत तर औषधही चुकेल आणि काळजीही चुकेल.

ग्लोव्हजमुळे हाताला तीन प्रकारे त्रास होतो. सगळ्यात जास्त दिसतो तो अ‍ॅलर्जी नसलेलाच त्रास, म्हणजे दिवसातून असंख्य वेळा साबण, सॅनिटायझर, मग ओल्या हातावरच ग्लोव्हज, आत घाम, त्यात पावडर, याने कातडीचं तेल निघून जातं आणि ती कोरडी होऊन फाटते. बेचक्यातल्या चिरा बहुतेक याच्याच. हात पूर्ण कोरडे करून ग्लोव्हज घाला, ड्युटी संपली की जाड मलम लावा, आणि ड्युटीवर लेटेक्स, म्हणजे रबराच्या झाडाच्या चिकापासून बनवलेल्या, ग्लोव्हजच्या आत तेलकट क्रीम किंवा व्हॅसलीन लावू नका कारण तेलाने रबर कमजोर होतं आणि त्यातली प्रथिनं कातडीवर जास्त उतरतात.

दुसरा प्रकार उशिरा येणाऱ्या अ‍ॅलर्जीचा. ही रबराच्या प्रथिनाची नसते, रबर पक्कं करायला कारखान्यात जी केमिकल घालतात, थायुरम, कार्बामेट वगैरे, त्यांची असते. आज ग्लोव्हज घातले तर उद्या-परवा पुरळ, बारीक पाण्याचे फोड, आणि बहुतेकदा मनगटावर ग्लोव्हजची कड संपते तिथे सरळ रेघ दिसते. याची टेस्ट म्हणजे पाठीवर पट्ट्या चिकटवून दोन-तीन दिवसांनी बघतात ती पॅच टेस्ट. इथे एक गोष्ट फार जणांना माहीत नसते, हीच केमिकल नायट्राईलच्या, म्हणजे कृत्रिम रबराच्या, ग्लोव्हजमध्येही असू शकतात, त्यामुळे "नायट्राईल घातले तरी त्रास होतो" म्हणणारी सिस्टर खोटं बोलत नसते, तिला ही केमिकल नसलेले, अ‍ॅक्सिलरेटर-फ्री म्हणून मिळणारे ग्लोव्हज लागतात.

तिसरा प्रकार मात्र जीवावर बेतू शकतो आणि तुमच्या शिंकांमुळे मला त्याचाच संशय येतोय. रबराच्या झाडाच्या चिकात नैसर्गिक प्रथिनं असतात आणि काही जणांचं शरीर त्यांच्याविरुद्ध आयजीई नावाच्या अँटीबॉडी तयार करतं. मग संपर्क आला की काही मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात, अंगावर पित्त उठतं, नाक वाहतं, डोळे लाल होतात, दम लागतो, आणि कधी एकदम बीपी पडतं. पावडर इथे घात करते. ती असते मक्याच्या स्टार्चची, स्वतः फारशी वाईट नाही, पण रबरातली प्रथिनं तिच्या कणाला चिकटतात, ग्लोव्हज झटकले की ते कण हवेत जातात आणि तुम्ही ते श्वासाबरोबर आत घेता. म्हणजे तुम्ही स्वतः नायट्राईल घातले आणि शेजारची मैत्रीण पावडरवाले लेटेक्स घालून काम करत असेल तर तुमचा त्रास थांबणार नाही. अख्ख्या वॉर्डने पावडर बंद केली पाहिजे, आणि हे तुमच्या मेट्रनना तुम्ही ठामपणे सांगा, हवं तर हे पान दाखवा.

अमेरिकेतल्या कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या एनआयओएसएच या सरकारी संस्थेने १९९७ मध्ये कामाच्या जागच्या लेटेक्स अ‍ॅलर्जीबद्दल इशारा काढला तेव्हा नेहमी ग्लोव्हज वापरणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांमध्ये हे प्रमाण साधारण ८ ते १२ टक्के धरलं होतं, सर्वसाधारण लोकांमध्ये १ ते ६. म्हणजे तुम्ही एकट्या नाही. १९८० च्या दशकात एचआयव्ही आला, १९८७ पासून कुठल्याही पेशंटच्या रक्ताला, अंगातल्या स्रावाला ग्लोव्हज घालूनच हात लावायचा नियम जगभर पसरला, ग्लोव्हजचा वापर प्रचंड वाढला आणि त्याच्या मागोमाग ही अ‍ॅलर्जीही वाढली.

आता काय करायचं. ती ट्यूब आधी बंद करा, चार दिवस बरं वाटून परत उलटतंय म्हणजे तिच्यात बहुतेक स्टिरॉईड आहे, आपल्याकडे मेडिकलमध्ये मिळणाऱ्या तीन-चार औषधांच्या मिक्स ट्यूब असतात त्यातली, आणि ती महिनोन् महिने लावली की कातडी पातळ होते. जळगाव किंवा नाशिकला त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून पॅच टेस्ट करा आणि रक्तातली लेटेक्सची स्पेसिफिक आयजीई टेस्ट करा. रक्त निगेटिव्ह आलं पण लक्षणं पक्की असतील तर लक्षणांवर विश्वास ठेवा, कारण ही टेस्ट काही जणांना चुकवते. आणि छातीत घरघर किंवा घसा आवळल्यासारखं एकदा जरी झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा, पुढच्या सुट्टीची वाट बघू नका.

प्रश्न: आमचं सावद्याजवळ गाव, घरात केळीचाच धंदा. लहानपणापासून केळी खाल्ली पण हल्ली दोन-तीन वर्षांपासून केळं खाल्लं की तोंडात, टाळूला खाजतं, ओठ जड होतात. पपईने पण थोडं होतं. आई म्हणते तुला केळी बाधते आता, नको खाऊ. पुतण्याच्या वाढदिवसाला फुगे फुगवले तर ओठ सुजून बाहेर आले, सगळे हसले. आता हर्नियाचं ऑपरेशन सांगितलंय. याचा त्याच्याशी काही संबंध आहे का, की मी उगीच घाबरतोय?

भाऊ, उगीच नाही. या महिन्यातल्या सगळ्या पत्रांत मला सगळ्यात जास्त काळजी तुमची वाटली, म्हणून सविस्तर सांगते.

केळी आणि रबर ऐकायला लांबची वाटतात, पण बुरशीपासून बचाव करायला झाडं काही प्रथिनं बनवतात आणि ती वेगवेगळ्या झाडांत सारखी असतात. रबराच्या चिकात हेविन नावाचं प्रथिन आहे, केळ्यातल्या चिटिनेज नावाच्या प्रथिनाचा एक तुकडा अगदी त्याच्यासारखा असतो. शरीराने एकदा हेविनला शत्रू ठरवलं की ते केळ्यातल्या तुकड्यालाही तसंच धरतं. लेटेक्सची अ‍ॅलर्जी असलेल्यांपैकी साधारण ३० ते ५० टक्के लोकांना कुठल्या ना कुठल्या फळाचाही त्रास होतो. यादीत सगळ्यात वर केळी, अ‍ॅव्होकॅडो, किवी आणि चेस्टनट. चेस्टनट म्हणजे आपला शिंगाडा नव्हे, ते थंड प्रदेशातलं वेगळंच फळ. त्याखालोखाल पपई, टोमॅटो, बटाटा वगैरे. आता आपल्या भागाकडे बघा, रावेर-यावल-चोपडा सगळा केळीचा पट्टा, पलीकडे शहादा भाग पपईचा, आणि किवी तर आता जळगावच्या हातगाडीवरही दिसतं. केळं खाऊन तोंड खाजतं असं कोणी म्हणालं की आपण "बाधतं" म्हणून सोडून देतो. ते सोडून देऊ नये, पुढचा प्रश्न हाच विचारावा की फुगे फुगवल्यावर, ग्लोव्हज घातल्यावर, दात काढताना डेंटिस्टने तोंडात हात घातल्यावर काही होतं का. तुमच्या बाबतीत दोन्ही गोष्टींचं उत्तर हो आहे.

म्हणजे लेटेक्स अ‍ॅलर्जी पक्की झाली असं मी पत्रावरून म्हणणार नाही, त्याला टेस्ट लागेल. पण ऑपरेशनच्या बाबतीत ती आहे असं धरूनच चालायचं, यात माझं दुमत नाही.

थिएटरमध्ये काय होतं ते सांगते म्हणजे मी इतकी का मागे लागलेय ते कळेल. पेशंटवर हिरवी चादर, डोकं पडद्याच्या या बाजूला, भूल पूर्ण असेल तर तो बोलू शकत नाही. अंगावर पित्त उठलं तरी चादरीखाली कोणाला दिसत नाही. सर्जनचे ग्लोव्हज पोटाच्या आतल्या ओल्या पडद्याला लागतात, तिथून प्रथिनं रक्तात झरझर जातात, आणि औषधांची अ‍ॅलर्जी इंजेक्शन दिल्या दिल्या दिसते तशी ही दिसत नाही, बहुतेकदा ऑपरेशन सुरू होऊन अर्धा-एक तास झाल्यावर दिसते. अचानक बीपी पडतं, फुफ्फुसात हवा ढकलायला जोर लागायला लागतो. त्या क्षणी आम्ही रक्तस्राव शोधतो, औषध शोधतो, आणि कारण सर्जनच्या हातावरच असतं. ते काढेपर्यंत संपर्क चालूच राहतो. पेशंटने आधी एक वाक्य सांगितलेलं असलं की ही सगळी वेळच येत नाही.

तर तुम्ही असं करा. सर्जनना तर सांगाच, पण भूलतज्ज्ञांना स्वतः भेटून सांगा, "मला फुग्याने ओठ सुजतात आणि केळ्याने तोंड खाजतं", हेच शब्द. "मला अ‍ॅलर्जी आहे" एवढंच म्हणालात तर फॉर्मवर "औषधाची अ‍ॅलर्जी: नाही" लिहून पुढे जातील, असं होतं. हर्निया अडकलेला नसेल तर ऑपरेशनची घाई नाही, आधी रक्ताची टेस्ट करून घ्या. ऑपरेशन सकाळचं पहिलं ठेवायला सांगा, कारण रात्रभर थिएटर बंद असतं आणि हवेतली पावडर खाली बसलेली असते. सगळ्यांनी, वॉर्डबॉयनेसुद्धा, लेटेक्स नसलेले ग्लोव्हज घालायचे. लघवीची नळी, हाताला बांधायची रबरी पट्टी, सलाईनच्या सेटला सुईजवळ इंजेक्शन टोचायचा जो छोटा रबरी बल्ब असतो तो, प्रत्येकाचं पाकीट वाचून घ्यायचं. फाईलच्या वरच्या पानावर लाल पेनने "लेटेक्स अ‍ॅलर्जी" लिहून घ्या. "आधी अव्हिल-डेक्सा (अ‍ॅलर्जीचं आणि स्टिरॉईडचं इंजेक्शन) देऊन टाकतो, काही होणार नाही" असं कोणी म्हणालं तर ते पुरेसं नाही, आधी दिलेल्या इंजेक्शनने ही रिअ‍ॅक्शन टळेल याची खात्री नसते, रबर लांब ठेवणं हाच उपाय आहे.

केळी सध्या बंद, पपईही. चिटिनेज उष्णतेने बिघडतं म्हणून शिजवलेलं काही जणांना चालतं, पण तुमच्या बाबतीत तो प्रयोग घरी करायचा नाही, अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांसमोरच ठरवायचं. आणि फुगे कोणीही फुगवू देत, तुम्ही नाही.

प्रश्न: माझा मुलगा पाच वर्षांचा, जन्मतः पाठीवर गाठ होती, स्पायना बायफिडा सांगितलं. दोन ऑपरेशन झालीत, अजून एक सांगितलंय. दिवसातून चार वेळा नळी घालून लघवी काढावी लागते. मुंबईच्या डॉक्टरांनी रबराची वस्तू वापरू नका सांगितलं, इथे शहाद्याला मेडिकलवाला म्हणतो ही सिलिकॉनची आहे, चालते. त्याला तर आजपर्यंत काहीच रिअ‍ॅक्शन नाही आली, मग का टाळायचं?

ताई, मुंबईच्या डॉक्टरांनी अगदी बरोबर सांगितलंय आणि रिअ‍ॅक्शन आलेली नाही म्हणूनच आत्ता टाळायचं. ही अ‍ॅलर्जी जन्मतः नसते, पुन्हा पुन्हा संपर्क आल्याने तयार होते. स्पायना बायफिडाच्या, म्हणजे पाठीच्या कण्यात जन्मजात दोष असलेल्या, मुलांची लहानपणीच ऑपरेशनं होतात, रोज नळी लागते, रबर थेट आतल्या नाजूक अस्तराला लागत राहतं, म्हणून जगात सगळ्यात जास्त लेटेक्स अ‍ॅलर्जी याच मुलांमध्ये सापडली. वेगवेगळ्या अभ्यासांत पाचातल्या एकापासून ते निम्म्याहून जास्त मुलांपर्यंत आकडे आलेत. जिथे पहिल्या ऑपरेशनपासूनच रबर टाळलं तिथे प्रमाण बरंच खाली आलं.

मेडिकलवाल्याचं "सिलिकॉनची आहे" हे मात्र तपासा. फुग्यावाली फोलीज कॅथेटर असते ना, तिच्या पाकिटावर बहुतेक वेळा "सिलिकोनाईज्ड" किंवा "सिलिकॉन कोटेड" असतं. त्याचा अर्थ आत लेटेक्सच आहे आणि वरून सिलिकॉनचा थर दिलाय, दिसायला पिवळसर-बदामी रंगाची असते. तुम्हाला पाहिजे ती "ऑल सिलिकॉन" किंवा "१०० टक्के सिलिकॉन", आरपार दुधी दिसते. रोज घालून काढायची साधी नळी असेल तर ती पीव्हीसीची मिळते, स्वस्तही असते, ती चालते. लाल रबरी नळी अजिबात नको. तुम्ही नळी घालताना ग्लोव्हज वापरत असाल तर नायट्राईल.

अंगणवाडीत, शाळेत बाईंना सांगून ठेवा की फुगे नकोत, फुटलेल्या फुग्याचे तुकडे तर मुलं तोंडातच घालतात. हे सांगताना संकोच करू नका ताई, तुम्ही त्याच्यासाठी आजपर्यंत जे केलंय त्यापुढे हे काहीच नाही.

प्रश्न: अमळनेरला आमचं छोटं हॉस्पिटल आहे. नायट्राईल महाग पडतात. सप्लायर हायपोअलर्जेनिक लेटेक्स म्हणून बॉक्स देतोय, घ्यावे का? की सगळंच बदलायचं?

हायपोअलर्जेनिक या शब्दावर जाऊ नका. त्याने फार तर केमिकलवाली उशिराची अ‍ॅलर्जी कमी होईल, प्रथिनं आतच असतात. अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय वस्तूंवर देखरेख करणाऱ्या एफडीएने याच कारणाने लेटेक्सच्या वस्तूंवर हा शब्द लिहायला १९९८ पासून बंदी घातली.

पैसे मोजून बदल करायचा असेल तर क्रम असा ठेवा: पहिल्यांदा पावडर बंद. यात तडजोड नको. जर्मनीने १९९८ मध्ये कामाच्या ठिकाणी पावडरवाले लेटेक्स ग्लोव्हज बंद केले आणि पुढच्या काही वर्षांत कर्मचाऱ्यांमधल्या नव्या केसेस झपाट्याने कमी झाल्या. अमेरिकेने १८ जानेवारी २०१७ पासून पावडरवाले ग्लोव्हज, कुठल्याही मटेरियलचे, वैद्यकीय वापरातूनच काढून टाकले, कारण पावडर पोटात गेली तर आतडी चिकटणं, गाठी होणं हेही होतं. मग तपासणीचे साधे ग्लोव्हज नायट्राईल करा, कारण तेच सगळ्यात जास्त संख्येने वापरले जातात. ऑपरेशनला सर्जनना लेटेक्सची पकडच हवी असेल तर पावडर-फ्री, कमी प्रथिनांचे घ्या, आणि लेटेक्स नसलेल्या सर्जिकल ग्लोव्हजचे, पॉलिआयसोप्रीन किंवा निओप्रीनचे, सगळ्या साईजचे थोडे जोड कपाटात कायम ठेवा. सावद्याच्या भाऊंसारखा पेशंट इमर्जन्सीत रात्री दोनला आला तर तेव्हा शोधायला जळगावला माणूस पाठवता येणार नाही. व्हिनाईलचे स्वस्त असतात पण लवकर फाटतात, रक्ताच्या कामाला नकोत.

प्रश्न: नाव छापू नका. पारोळा. निरोध वापरला की दोघांपैकी मला खाली खाज, सूज येते. लाजेने कोणाला विचारलं नाही.

विचारलंत ते चांगलं केलं. बहुतेक कंडोम लेटेक्सचेच असतात त्यामुळे ही लेटेक्सची अ‍ॅलर्जी असू शकते, वासाची किंवा वंगणाचीही असू शकते. पॉलिआयसोप्रीन किंवा पॉलियुरेथेनचे कंडोम मिळतात, मोठ्या मेडिकलला नाहीतर ऑनलाईन. ते वापरून त्रास थांबला तर अंदाज येईल, पण टेस्ट करून घ्याच, कारण उद्या बाळंतपण, सिझर, किंवा साधी आतली तपासणी असेल तर तिथेही ग्लोव्हजच येणार. गायनॅक डॉक्टरांना हे आधी सांगा.

प्रश्न: घरात रबरबँड, स्लिपर, गाडीचे टायर, भिंतीचा लेटेक्स पेंट, सगळंच टाळायचं का? — धुळ्याहून एक निवृत्त शिक्षक

नाही सर. चिकात साचा बुडवून पातळ पापुद्रा काढून बनवतात त्या वस्तू, म्हणजे ग्लोव्हज, फुगे, कंडोम, यांच्यातून प्रथिनं जास्त सुटतात. टायर, चपलेचा तळ अशा कडक रबराचा धोका खूप कमी. आणि पेंटमधलं लेटेक्स कृत्रिम असतं, त्यात झाडाचं प्रथिनच नसतं.

प्रश्न: मी तळोदा तालुक्यात उपकेंद्रावर एएनएम आहे. समजा ग्लोव्हजने किंवा कशानेही पेशंटला मोठी रिअ‍ॅक्शन आली, आमच्याकडे डॉक्टर नसतात, काय करायचं? आम्हाला आधी अव्हिल, मग डेक्सा असंच माहीत आहे.

हा क्रम बदलायचा. अव्हिलने खाज आणि पित्त कमी होतं, बंद होणारा घसा आणि पडणारं बीपी सावरत नाही. डेक्साला परिणाम करायला काही तास लागतात. जीव वाचवतं ते अ‍ॅड्रेनालिन, आणि ते पहिल्या काही मिनिटांत द्यायचं असतं. पित्ताबरोबर दम, घरघर, आवाज बसणं, चक्कर, उलट्या यातलं काहीही असेल तर वाट बघायची नाही.

१ मिलीमध्ये १ मिलिग्रॅम असलेली अँप्यूल, मोठ्या माणसाला अर्धा मिली, मांडीच्या मधल्या भागात बाहेरच्या बाजूला, स्नायूत. शिरेत नाही, सलाईनमध्ये नाही, दंडातही नको. लहान मुलाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.०१ मिली, म्हणजे १० किलोच्या बाळाला ०.१ मिली. पाच मिनिटांत फरक नाही पडला तर परत द्यायचं. लसीकरणाच्या सेशनला तुमच्याकडे अशा मोठ्या रिअ‍ॅक्शनसाठीचं अ‍ॅनाफिलॅक्सिस किट असतं त्यात वयाप्रमाणे डोसचा तक्ता असतो, तो भिंतीवरही चिकटवा.

इंजेक्शनबरोबरच कारण काढा, ग्लोव्हज काढून टाका, नळी काढा, त्या जागी लागलेली पावडर पुसून घ्या. पेशंटला आडवं झोपवा, पाय उचलून ठेवा, दम फार असेल तर टेकून बसवा, पण उभं करू नका आणि चालत गाडीपर्यंत नेऊ नका, बीपी पडलेला माणूस उभा केला की तिथेच कोसळतो. ऑक्सिजन असेल तर लावा. १०८ ला फोन करा आणि बरं वाटलं तरी पाठवाच, कारण काही तासांनी परत रिअ‍ॅक्शन येऊ शकते. रेफर चिठ्ठीवर कशाने झालं, अ‍ॅड्रेनालिन किती वाजता आणि किती दिलं ते लिहा.

आणि आज उपकेंद्रावर गेलात की ट्रेमधली अँप्यूल उचलून एक्सपायरी बघा, तिच्याशेजारी १ मिलीची सिरिंज आणि मांडीत पोचेल एवढ्या लांबीची सुई आहे का ते बघा, आणि नायट्राईल ग्लोव्हजचा एक बॉक्स पुढच्या इंडेंटमध्ये लिहून टाका.